कडेवर मूल, हातात पिशवी

तान्हे मूल आणि बाजाराची पिशवी या दोन गोष्टी एकाच बाईने एकाच वेळी उचलू नयेत, असा आपल्या घराघरांतून एक अलिखित कायदाच आहे. मूल झाले की बाईचा बाजार सुटतो. पहिला सव्वा महिना ती उंबरठा ओलांडीत नाही. त्यानंतर थंडी असते, मग ऊन असते, मग पाऊस. त्यातून सवड मिळालीच तर बाळाचे दात असतात, नाहीतर बाळाची सर्दी. असे करता करता वर्ष-दीड वर्ष निघून जाते. लग्नाआधी चार दुकाने पालथी घालून ब्लाउजच्या कापडाचा रंग जुळवून आणणारी ही मुलगी तेवढा काळ यादीवर जगते. यादी ती करते आणि बाजार दुसरे करतात.

यादीवरचा बाजार कसा होतो, हे ज्यांच्या घरी पाळणा हलतो आहे त्यांना मी वेगळे सांगायला नको. यादीत 'मऊ सुती झबली, चार' असे लिहिलेले असते. आजोबा मोठ्या हौसेने दोन झबली आणतात. ती सॅटिनची असतात, गळ्याला टोचणारी झालर असते आणि माप दोन वर्षांच्या मुलाचे असते. 'मूल काय, वाढतंच!' हे त्यावरचे आजोबांचे भाष्य. यात आजोबांना दोष देण्यासारखे काही नाही. बाळाची मान कुठे लाल होते, हे ज्या बोटांना ठाऊक आहे ती बोटे घरी राहिली आणि दुकानात दुसरीच गेली, एवढेच.

हा सगळा विषय मनात येण्याचे कारण म्हणजे यंदाची रामनवमी. माझी अक्का जांब समर्थला दिलेली आहे. जालना जिल्ह्यात, घनसावंगी तालुक्यात हे गाव आहे. शके 1530 मध्ये, म्हणजे इसवी सन 1608 साली, चैत्र शुद्ध नवमीला सूर्याजीपंत ठोसर आणि राणूबाई यांच्या पोटी इथे नारायण जन्मला. तोच पुढे समर्थ रामदास झाला. थोरला मुलगा गंगाधर आणि धाकटा नारायण. रामाचा जन्म आणि समर्थांचा जन्म एकाच तिथीला, त्यामुळे रामनवमीला या गावात दुहेरी उत्सव असतो. समर्थ बोहल्यावरून 'सावधान' ऐकताच कसे निघून गेले, ती कथा आपण सगळ्यांनी शाळेत ऐकली आहे. मला मात्र जांबेला गेले की आठवतात त्या राणूबाई. तान्हा नारायण मांडीवर आणि गंगाधर पदराला, अशा वेळी त्या माउलीच्या घरात मीठमिरची कोण आणीत होते? असले प्रश्न बखरकार विचारीत नाहीत. ते बायकांनीच विचारायचे.

तर यंदा मी गेले तेव्हा अक्काची मुलगी, म्हणजे माझी भाची, बाळंतपणाला आलेली होती ती अजून माहेरीच होती. तिचे चिरंजीव पाच महिन्यांचे झालेले. मंदिराच्या वाटेवर जत्रेची पाले लागली होती. त्यांत बांगड्या होत्या, खेळणी होती, रेवड्या होत्या, कापडाचे गठ्ठे होते. भाची सकाळी सकाळीच म्हणाली, "आई, मी आज बांगड्या भरायला जाणार आहे. बाळाला झबल्याचं कापडही मीच बघून आणते."

अक्काने हातातले काम टाकले. "तान्हं लेकरू घेऊन जत्रेत? दृष्ट लागेल, ऊन लागेल, गर्दीत गुदमरेल. काय हवं ते सांग, तुझे बाबा आणतील."

बाबांनी, म्हणजे आमच्या भाऊजींनी, लगेच चष्मा लावला आणि यादीसाठी कागद शोधू लागले. मघाचे सॅटिनचे झबले यांनीच आणलेले होते.

"नाहीतर जावईबापूंना कळव," अक्का पुढे म्हणाली. "ते पुण्यात बसून मोबाइलवर बोट टेकवतात आणि खोकं दारात येतं."

यावर भाची जे बोलली ते मी इथे मुद्दाम लिहिते आहे, कारण घरोघरच्या तरुण आयांच्या मनातले तेच बोलणे असावे. ती म्हणाली, "आई, मला कापड नकोय गं. म्हणजे हवंय, पण मला बाजार हवाय. पाच महिने मी चार भिंती आणि एक पाळणा बघते आहे. मला कुणाशी तरी भावावरून भांडायचंय."

अक्का काही बोलली नाही. बाळाला टोपडे घातले, दुपटे घेतले, आणि आम्ही तिघी बाळासकट निघालो. उन्हाच्या आधी परतायचे म्हणून साडेआठलाच बाहेर पडलो. चैत्रातले मराठवाड्यातले ऊन दहानंतर मोठ्या माणसालाही सोशीत नाही, मग पाच महिन्यांच्या जिवाचे काय!

पहिला मुक्काम कासारणीच्या पालात. बांगड्या भरणे हा व्यवहार असा आहे की त्यात बाईचा एक हात कासारणीच्या मुठीत जातो आणि दुसऱ्या हाताने मूल धरावे, तर त्या हाताची पाळी येत नाही. कासारणीने मान वरसुद्धा केली नाही. "लेकरू द्या तिकडं," एवढेच म्हणाली, आणि शेजारी बसलेल्या एका अनोळखी बाईने, जिच्या स्वतःच्या बांगड्या नुकत्याच भरून झाल्या होत्या, हात पुढे केले. बाळ तिच्या मांडीवर गेले. मी आणि अक्का बाजूलाच होतो, तेव्हा काळजी नव्हती. पण मला गंमत वाटली ती ही की तिथे कोणी 'घेऊ का?' असे विचारले नाही आणि कोणी 'थँक्यू' म्हटले नाही. बाजारात आलेल्या मुलाला मांडी लागते, हे तिथे सगळ्यांनी गृहीतच धरलेले होते.

दुसरा मुक्काम कापडाच्या पालात. भाचीने मलमलीचे तीन ताव हाताळले, एक गालाला लावून पाहिला, भाव अर्ध्यावर पाडला आणि पाच महिन्यांत प्रथमच मनापासून हसली. नेमके तेव्हाच चिरंजीवांनी टाहो फोडला. भूक! कापडवाल्याच्या बायकोने एक नजर बाळाकडे टाकली आणि एक नवऱ्याकडे. "जा, चहा सांगून या," असे म्हणून तिने त्याला बाहेर घालवले, मागच्या बाजूला दोन लुगडी दोरीवर आडवी टाकली आणि भाचीला गाठोड्यावर बसवले. दहा मिनिटांत आतला आवाज बंद झाला. बाहेर तोवर गिऱ्हाईक येत होते आणि जात होते. त्या दोन लुगड्यांच्या आडोशाची किंमत काय धराल? त्यासाठी आमच्याकडून कोणी एक पैसा जास्त घेतला नाही.

हे वाचून तुम्ही म्हणाल, आता ही बाई खेड्याची आरती ओवाळणार. तसे नाही. मांड्या जिथे पुष्कळ असतात तिथे बोटेही पुष्कळ असतात, आणि ती सगळी बाळाच्या गालापर्यंत पोचतात. परतताना एक आजीबाई मधात बुडवलेले बोट घेऊन प्रेमाने पुढे आल्या. "चाटव गं थोडं, जीभ हलकी होते." भाचीने वाकून त्यांना नमस्कार केला, बाळाचे तोंड हळूच आपल्या खांद्याकडे वळवले आणि म्हणाली, "आजी, वर्षाचा झाला की तुमच्याच हातचा मध देईन." आजीबाई खूश झाल्या आणि बाळही बचावले. वर्षाच्या आत मुलाला मध देऊ नये, हे आज डॉक्टर स्पष्ट सांगतात. मधात कधी कधी एका जंतूचे बीज असते. मोठ्या माणसाचे पोट ते पचवून टाकते, पण तान्ह्याच्या आतड्यात ते रुजून विष तयार करू शकते. पहिले सहा महिने तर आईच्या दुधाखेरीज पाणीसुद्धा नको, असे जागतिक आरोग्य संघटनेचे सांगणे आहे. तेव्हा बाजारात प्रेमाने पुढे येणारी बोटे प्रेमानेच परतवायची कला आईला हवी.

दुपारी बाराला मंदिरात रामजन्म झाला. पाळणा हलला, गुलाल उधळला, सुंठवडा वाटला. त्या वेळी आमचे चिरंजीव घरात पंख्याखाली गाढ झोपले होते आणि भाची नव्या मलमलीवर झबले बेतीत होती.

आता जांबेहून शहरात येऊ. मागच्या वर्षी एका मोठ्या शहरातल्या एका मोठ्या दुकानात मी गेले होते. नाव सांगत नाही, कारण नाव बदलून हीच हकिकत पुष्कळ ठिकाणी लागू पडेल. चार मजले, सरकते जिने, थंडगार हवा. तिथे एक तरुण आई रडणारे मूल घेऊन बसायला जागा शोधीत होती. साड्या नेसवलेल्या पुतळ्यांना उभे राहायला जागा होती, सुगंधी बाटल्यांना आरशाची कपाटे होती, पण खुर्ची नव्हती. विचारले तेव्हा तिथल्या मुलीने अगदी नम्रपणे संडासाकडे बोट दाखवले. मला सांगा, आपल्यापैकी कोणी आपले जेवण तिथे बसून करील काय?

शहरातल्या दुकानदाराला बाईच्या हाताची काळजी नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. अमेरिकेत ओक्लाहोमा सिटी या शहरात सिल्व्हन गोल्डमन नावाचा एक किराणा दुकानदार होता. बायका हातातली टोपली जड झाली की खरेदी थांबवतात, हे त्याच्या ध्यानात आले. म्हणून 1937 साली त्याने टोपल्यांना चाके लावून ढकलगाडी काढली. गंमत अशी सांगतात की बायकांनी ती प्रथम झिडकारली. मुलांच्या गाड्या ढकलून आमचे हात दुखले, आता इथेही गाडीच का, असा त्यांचा सवाल होता. पुढे ती गाडी जगभर गेली आणि तिच्यात मूल बसवायची जागाही झाली. आपल्या शहरांतल्या मोठ्या दुकानांतही ती आली. पण गाडी पिशवीचा भार घेते. बाळाची भूक तिला घेता येत नाही, आणि अजून मान न धरणारे किंवा नीट बसू न लागलेले मूल तिच्या बैठकीत ठेवणे धोक्याचेच असते.

आपल्याकडे या विषयाची नायिका फार जुनी आहे. रायगडावर दूध विकायला गेलेली हिरकणी आपल्याला ठाऊक आहे. बाळाला घरी ठेवून ती बाजाराला गेली, संध्याकाळी गडाचे दरवाजे बंद झाले, आणि पान्हा फुटलेली ती आई अवघड कडा उतरून बाळापाशी गेली, अशी कथा आहे. त्या जागी बांधलेला हिरकणी बुरूज आपण मुलांना सहलीत दाखवतो आणि आईच्या मायेचा महिमा सांगतो. महिमा खराच आहे. पण कथा ऐकताना माझ्या मनात दर वेळी येते की तिच्यासाठी बुरूज बांधण्याआधी कोणी दार उघडले असते तर? आईने कडे उतरावेत आणि आपण खाली उभे राहून टाळ्या वाजवाव्यात, ही आपल्याला लागलेली जुनी सवय आहे.

सुदैवाने तिच्याच नावाने एक चांगली गोष्ट झाली आहे. आपल्या एस. टी. च्या पुष्कळ स्थानकांवर 'हिरकणी कक्ष' असतो. बाळाला पाजण्यासाठी आईला आडोसा मिळावा म्हणून ती खोली असते. बसस्थानकावर उतरलात की तिची पाटी शोधा. कुठे तिला कुलूप दिसले तर 'असेल काहीतरी' असे म्हणून पुढे जाऊ नका. किल्ली मागा. कोणी मागतच नाही म्हणून कुलूप राहते, आणि कुलूप असते म्हणून कोणी मागत नाही. फेब्रुवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या प्रश्नात लक्ष घातले. सार्वजनिक ठिकाणी बाळाला पाजण्यासाठी आणि त्याची निगा राखण्यासाठी खोल्या असाव्यात, या केंद्र सरकारच्या सूचनेची राज्यांनी अंमलबजावणी करावी, असे न्यायालयाने सांगितले. म्हणजे जांबेच्या कापडवाल्याच्या बायकोने कोणाला न विचारता जे केले, तेच दिल्लीच्या न्यायालयाने राज्य सरकारांना करायला सांगितले.

आता थोडे व्यवहाराचे. दिवाळीचा बाजार अजून व्हायचा असेल, निदान भाऊबीजेची खरेदी राहिलीच असेल. तान्हे मूल घेऊन निघणाऱ्या माझ्या मुलींसाठी चार शब्द.

बाळाला पाजून, ढेकर काढून आणि लंगोट बदलून लगेच निघा. म्हणजे दीड-दोन तास तुमचे. सकाळची वेळ उत्तम, कारण दुकानदारही ताजा असतो आणि रस्त्यावर फटाकेही कमी असतात. एका खेपेला तीनच वस्तू ठरवा. चौथी वस्तू बाळ आणू देत नाही.

झबले घेताना झालर बघू नका, आतली शिवण बघा. बंद लांब नकोत आणि गळ्यापाशी बटणे सैल नकोत. खेळण्यावर आयएसआयची खूण आहे का ते पाहा. 1 जानेवारी 2021 पासून आपल्या देशात खेळण्यांना ती सक्तीची झाली आहे. रंग ओल्या बोटाला लागत असेल तर ते खेळणे जागच्या जागी ठेवा, कारण बाळ खेळण्याशी खेळण्याआधी ते चाटते.

दुधाच्या भुकटीचा डबा कोणी सवलतीत किंवा भेटवस्तूसह पुढे केला तर तिथे खरोखरच 'सावधान' म्हणा. आपल्याकडे 1992 सालचा कायदा आहे आणि 2003 साली तो आणखी कडक केला गेला. बाळाचे दूध, बाळाचे अन्न आणि दुधाची बाटली यांची जाहिरात करणे, त्यांवर बक्षिसे किंवा नमुने वाटणे याला त्याने बंदी आहे. दुधाच्या डब्यावर गुटगुटीत बाळाचे चित्रही छापता येत नाही. ज्या मातेला डॉक्टरांनी वरचे दूध सांगितले असेल तिने ते अवश्य घ्यावे, त्यात कमीपणा नाही. पण तो निर्णय डॉक्टरांच्या खोलीत व्हावा, दुकानाच्या फळीसमोर नव्हे.

आणि शेवटचे म्हणजे खुर्ची मागा. लाजू नका. दुकानदाराला सरळ म्हणा, "बाळाला घ्यायचं आहे, बसायला जागा द्या." दहांपैकी आठ दुकानदार देतात. उरलेल्या दोघांकडे पुन्हा जायचे कारण काय?

दुकानदार बंधूंनाही एक विनंती. दिवाळीत तुम्ही गिऱ्हाइकांना कॅलेंडर देता, मिठाईचा पुडा देता. त्याऐवजी यंदा एक स्टूल आणि दोन वारांचा एक पडदा कोपऱ्यात टाका. ज्या दुकानात बाईला तान्हे मूल घेऊन निवांत बसता आले, ते दुकान ती त्या मुलाच्या लग्नापर्यंत विसरत नाही. याहून स्वस्त जाहिरात कोणती?

राहता राहिले घरचे यजमान. त्यांना मी एकच सांगते. बाजाराला दोघे मिळून जा. दुकानाच्या दाराशी पोचलात की पिशवी तिच्या हातात द्या आणि मूल तुम्ही घ्या. मग बाहेरच्या बाकावर बसून बाळाला रस्त्यावरच्या गाड्या दाखवा. ती आत एक रंग घेईल, दुसरा ठेवील, तिसरा उजेडात नेऊन बघील आणि शेवटी पहिलाच घेईल. तेवढा वेळ कृपा करून घड्याळाकडे पाहू नका.